उजेडात पाणी किती?

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पंगत बसली होती, तेव्हा रंगनाथतात्यांनी सदऱ्याच्या खिशातून लॅक्टोमीटर काढलं आणि बासुंदीच्या पातेल्यात सोडलं. दुधातलं पाणी पकडायची ती काचेची नळी. आचाऱ्याच्या हातातला डाव तसाच राहिला. नळी बासुंदीत ताठ उभी राहिली, बुडायचं नाव घेईना. तात्यांनी ती काढली, उपरण्याला पुसली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "वाढा."

तात्या बारामतीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सगळी नोकरी पणदऱ्याकडच्या एका दूध संकलन केंद्रावर झाली. तिथं रोज सकाळी भेसळ पकडायची सवय लागली. निवृत्तीनंतर दूध सुटलं, भेसळ पकडणं सुटलं नाही. पुढाऱ्याचं भाषण असो की हवामानाचा अंदाज, तात्या एकच विचारतात, "पाणी किती हाय ह्यात?" माझे आजोबा गेले तेव्हा एक लांबचे पाहुणे हंबरडा फोडत आले. तात्या माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "निम्मं."

आमचं घर अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचं. वडील छापतात, आई वाटते, मी लिहिते. रामबाण औषधं विकणाऱ्या भोंदूंवरचं माझं पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानानं तात्यांना दिलं. त्यांनी पुढून वाचलं, मागून वाचलं, उन्हात धरलं.

"हे छापायला पैसं कुनी दिलं?"

"आम्हीच, तात्या."

"मग मिळतं काय तुमाला?"

"काही नाही."

"तितंच तर गोम हाय," असं म्हणून त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आणि एके दिवशी तेच तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, अंगावर उजेड पाडून कोड जातं म्हनं. खरं हाय का त्यात पाणी हाय?"

तात्यांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची धाकटी बहीण शालनआत्या. नरसिंहपूरच्या बाजूला दिली होती. लग्नानंतर हातांवर पांढरे डाग उठले. सासरच्यांनी "जरा माहेरी जाऊन ये" म्हणून गाडीत बसवलं, ते न्यायला कुणी आलंच नाही. तेव्हापासून आत्या इथंच. बाहेर पडताना हात पदराखाली असतात. दुकानदार सुटे पैसे हातावर न ठेवता फळीवर ठेवतो.

हे वाक्य मी पत्रकात ठळक छापलंय, इथंही लिहिते: कोड शिवल्यानं होत नाही. पाप नाही, शाप नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी काम थांबवतात, एवढंच. लाज वाटायचीच असेल तर ती त्या फळीवर पैसे ठेवणाऱ्याला वाटावी.

"आत्ता कशाला हे, तात्या?" मी विचारलं.

"तिनं विचारलं. मोबाइलवर जाहिरात बघितली न् म्हनली, 'असं खरंच असतं का रं, दादा?' तिनं कवा काय मागितलं न्हाय गं. आन् आता मागितलं तर मी भेसळीचं आनू व्हय?"

मग आमची वरात निघाली. पुण्याच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितले. असा दिवा असतो, घरीही वापरता येतो, म्हणाल्या. पण त्याचा प्रकाश एका ठरावीक पट्ट्यातला लागतो, तीनशे अकरा नॅनोमीटरच्या आसपासचा. वेळ लावायची सोय लागते, डोळ्यांना गडद चष्मा लागतो. सुरुवात काही सेकंदांनी करायची, लागोपाठ दोन दिवस घ्यायचा नाही, कातडी लाल झाली तर थांबून त्यांना विचारायचं. शेवटी त्यांनी स्पष्टच सांगितलं, "मनगटावर रंग येऊ शकतो. बोटांच्या टोकांना फार कमी येतो. आणि महिने लागतात."

तात्यांचा विश्वास बसला नाही. दुसरं मत घ्यायला इंदापूरला गेलो. तिथले डॉक्टरही शब्दाला शब्द तेच बोलले. बाहेर येताच तात्या म्हणाले, "दोगं येकच बोलत्यात. भैनभाऊ असत्याल."

बाजाराला मात्र त्यांनी घाम फोडला. एका दुकानदारानं जांभळा दिवा पुढं केला. मुरूम, केस, कंबर, कोड, सगळ्यावर चालतो म्हणाला.

"तीनशे अकरा हाय का?"

"काका, तीनशे अकरा कशाला? पाचशेचं देतो. जास्त पावर!"

तात्या माझ्याकडं वळले. "बघ. मागितलं दूध, हा म्हैसच गळ्यात बांधतोय."

कळस गावचा तात्यांचा एक लांबचा भाचा फोनवर म्हणाला, पाणी शुद्ध करायच्या मशीनमधली नळी काढून देतो, त्या उजेडानं जंतू मरतात तर डाग का मरणार नाहीत? तात्या क्षणभर विचारात पडले, ते बघून मी घाबरले. मी फोन हिसकावून त्या भाच्याला पत्रकाच्या भाषेत झापलं. त्या नळीनं डोळे आणि कातडी, दोन्ही भाजतात.

अखेर डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला दिवा आला. तात्यांनी खोक्यावरचं इंग्रजी लिखाण माझ्याकडून वाचून घेतलं, कंपनीला माझ्याकडूनच फोन लावला, दिव्याचा क्रमांक मशीनवर आणि कागदावर ताडून पाहिला. तरी दोन दिवस शालनआत्यांना हात लावू देईनात. तिसऱ्या दिवशी बघते तर तात्यांच्या दंडावर चौकोनी लाल चट्टा.

"हे काय?"

"चाखून बघितलं."

डॉक्टरीणबाई फोनवर खूप रागावल्या. तुमच्या कातडीवरून त्यांच्या डागाचं काही कळत नाही, डाग कितीतरी लवकर भाजतो, पुन्हा असला शहाणपणा करू नका. तात्या शाळकरी मुलासारखे "व्हय, व्हय" करत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बाई रागावली. म्हंजे खरी हाय."

दिवा सुरू झाला. आत्या गडद चष्मा लावून खुर्चीत बसायच्या, तात्याही चष्मा लावून शेजारी. दिव्याला वेळ लावलेली असायची, तरी तात्या आपल्या घड्याळावर वेगळी वेळ धरायचे. दिव्याच्या घड्याळाचं काय सांगावं!

एकदा मी आत्यांना विचारलं, तात्यांनी लग्न का नाही केलं? मला वाटलं होतं, प्रत्येक स्थळात त्यांनी पाणी काढलं असेल.

आत्या हसल्या. "लई आली गं स्थळं. घर बघाया पावनं यायचं. आमचा दादा मलाच पोहं द्यायला पाठवायचा. बशी माझ्या हातानं. आन् हा कोपऱ्यात बसून बघायचा, कोन खातंय, कोन बशी तशीच ठिवतंय."

"मग?"

"बशा तशाच ऱ्हायच्या. पावनं गेलं की हा म्हनायचा, मानसं बरी न्हायती. मी म्हनायची, अरं, पोरगी चांगली हाय, तिनं काय केलंय तुझं? ऐकेल तर तो दादा कसला!" त्या चष्म्याची काच पदरानं पुसत बसल्या. "शेवटी ते पोहं आमी दोगंच खायाचो."

काही महिने गेले. एका सकाळी तात्यांनी भिंतीवर टकटक केली. मी गेले. खिडकीशी आत्या उभ्या होत्या, चुलीपुढून तशाच उठवून आणलेल्या. तात्यांनी त्यांचा हात उजेडात धरला होता.

"पोरी, तू बघ. रंग आलाय का?"

"तुम्हाला काय दिसतंय?"

"मला दिसतोय गं," तात्या म्हणाले. "सगळीकडं दिसतोय. बोटावरबी दिसतोय. म्हनून तर बोलावलं. हितं माझ्या डोळ्यावर माझा इश्वास न्हाय."

सगळ्या तालुक्यावर संशय घेणारा माणूस पहिल्यांदाच स्वतःवर संशय घेत होता. आणि मला वाटलं, आता एक खोटं बोललं तर काय बिघडेल? कुणाचं काय जाणार आहे? पण त्यांनी मला बोलावलं होतं ते खोटं ऐकायला नाही. खोटं त्यांचं त्यांना दिसतच होतं.

मी वाकून पाहिलं. मनगटावर, पांढऱ्याच्या मधोमध, खसखस सांडावी तसे तपकिरी ठिपके उठले होते. बोटं कोरी होती.

"मनगटावर आलाय, तात्या. खरंच आलाय. बोटांवर नाही."

तात्यांनी मान हलवली. बोटांकडं पाहिलं नाही. मनगट आणखी खिडकीजवळ नेलं आणि आपला अंगठा एकेका ठिपक्यावरून हळूच फिरवत राहिले.

"दादा, सोड आता," आत्या म्हणाल्या. "तव्यावर भाकरी हाय."

"असू दे," तात्या म्हणाले.

आत्यांनी हात ओढून घेतला नाही.