हॉकीचा कोट

आमचा पुंडलिक मिरच्यांना पाणी देताना कोट घालायचा. तोही साधासुधा नव्हे. नागपूरच्या कॉलेजच्या हॉकी टीमचा, निळा, खिशावर कॉलेजचं चिन्ह असलेला. खाली गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, पायाला चिखल आणि वर हा कोट. भर वैशाखातसुद्धा. शेत चिखली-मेहकर सडकेला लागून होतं. सडकेवरून दौऱ्यावरच्या साहेबांच्या मोटारी जायच्या, आणि त्यातला एखादा साहेब त्याच कॉलेजचा निघाला तर चिन्ह ओळखून थांबेल, असा त्याचा हिशेब. मोटारी धूळ उडवून निघून जायच्या. पुंडलिक कोट झटकायचा आणि पुन्हा फावडं उचलायचा.

तो माझा चुलत भाऊ, माझ्याच वयाचा. मी चौथीनंतर बैलांमागे लागलो, तो बी.ए. झाला. गावाने वाजतगाजत मिरवलं त्याला, आणि मग हा तहसीलदार कधी होतो याची वाट पाहत बसलं. मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा जागा थोड्या आणि बी.ए. फार. अर्ज जात, उत्तर येत नसे. काका वारले तेव्हा पोराच्या काळजीने गेले असं गाव म्हणालं. खरं म्हणजे ते पटकीच्या साथीत गेले. पण गावाला त्यात बी.ए. घुसवल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

घरी आला की तो कोटाची घडी करून उशाशी ठेवी. काकू, म्हणजे त्याची आई, म्हणायची, "भिंतीले एक खिळा ठोक ना बापा. टांगत जाय त्याले."

"हॉस्टेलात होता खिळा," पुंडलिक म्हणायचा. "इथं कायले? आज ना उद्या जाचंच हाये मले."

निरोपाच्या दिवशी त्यांच्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी पोरांना सांगितलं होतं, की कॉलेजचे जुने विद्यार्थी हेच तुमचे नातेवाईक. त्यांना धरून राहा, नोकरी त्यांच्याकडूनच मिळेल. बाकीच्यांनी बरोबर अर्थ काढला आणि त्या नातेवाइकांच्या बंगल्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आमच्या पठ्ठ्याने मात्र खरीच नाती जोडली. कुणाच्या बहिणीच्या लग्नात पंगती वाढल्या, कुणाच्या बापाच्या तेराव्याला रात्रभर बैलबंडी हाकून गेला. गावात कुणी आजारी पडलं, की याचा पहिला सवाल, "डॉक्टर कोन्या कॉलेजचा हाये?" दुखणाईत कण्हत पडलेला आणि हा ओळख काढत बसलेला.

हिवाळ्यात तो कॉलेजवाल्यांना हुरड्याला बोलवी. त्यासाठी खास हुरड्याची ज्वारी पेरायची, गोवऱ्यांची आगटी मी पेटवायची, कणसं मी भाजायची आणि पुंडलिकने कोट घालून ती गरम गरम हातावर चोळून पाहुण्यांपुढे टाकायची. पाहुणे यायचे, खायचे, ताक पिऊन झाडाखाली घोरायचे आणि जायचे. नोकरीबद्दल हा चकार शब्द काढत नसे. आमच्या घरची रीतच तशी. घरी जेवलेल्या माणसाला काम सांगायचं नाही, नाहीतर घास मोजून घातल्यासारखं होतं. मला ही रीत मान्य आहे. पण ज्याला नोकरी हवी त्याने मग माणसं जेवायला तरी बोलावू नयेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

पुंडलिकचं सरकारी नोकरीचं वय उलटायला आलं त्या सालचा हुरडा मला विसरता येत नाही. बुलढाण्याच्या कचेरीतला वामनराव येणार होता. हॉस्टेलात दोघं एकाच खोलीत राहिलेले. सकाळीच मी पुंडलिकला धरलं. "आज बोल बे. नाहीतर जलमभर मिरच्या तोडत राहाशीन."

"बोलतो ना," तो म्हणाला. "जेवन होऊ दे त्याचं."

जेवण झालं. वामनराव हात धुवायला उठला. पुंडलिक तांब्याने त्याच्या हातावर पाणी घालत होता, आणि मी वामनरावच्या मागून त्याला डोळ्यांनी ढोसत होतो. तेवढ्यात वामनरावच म्हणाला, "अरे, आमच्या कचेरीत एक जागा निघतेय. साहेबांनी मलाच माणूस सुचवायला सांगितलंय. तुझ्या पाहण्यात कुणी चांगला बी.ए. आहे का?"

माझ्या हातातलं कणीस आगटीत पडलं.

पुंडलिकच्या तांब्याची धार तेवढी वाकडी झाली. "पाहतो," तो म्हणाला. "कुणी असला तर कळवतो."

"तुझं बरं आहे बुवा," वामनराव हात पुसत म्हणाला. "शेतीचा राजा. आम्ही आपले ताबेदार."

मोटार गेल्यावर मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो तांब्या विसळत होता. शेवटी म्हणाला, "त्याचे हात ओले होते गा माह्या पान्यानं. कसं बोलू?" मला त्याला मारावंसं वाटलं आणि रडूही आलं.

नोकरीचं वय उलटलं. आता हुरडा बंद, असं मी धरून चाललो होतो. पण त्या पावसाळ्यात पुंडलिकने पुन्हा तीच ज्वारी पेरली.

"आता काऊन?" मी विचारलं.

"आता मांगाचं काही राह्यलं नाही न. आता मोकळं बोलता येईन."

वामनराव आला आणि सोबत एका तरुणाला घेऊन आला. "आपल्याच कॉलेजचा आहे," तो म्हणाला. "ती जागा याला मिळाली." मी आगटीत उगाच फुंकर मारत राहिलो. पुंडलिकने मात्र पहिलं कणीस त्या पोरापुढे चोळलं आणि विचारलं, "हॉस्टेलात कोणत्या खोलीत होतात?"

"कोपऱ्यातल्या. विहिरीच्या बाजूच्या."

पुंडलिकने कणीस खाली ठेवलं. "दाराच्या मागं एक खिळा होता. आहे का तो?"

"आहे की. माझा कोट त्यालाच असायचा."

"मी ठोकला होता," पुंडलिक म्हणाला. "वामन, आपल्याच खोलीतला निघाला की रे हा." आणि इतका हसला, की वामनरावही हसला. त्याला अजूनही काही कळलेलं नव्हतं.

ते गेल्यावर मी म्हणालो, "तुले काहीच नाही वाटत?"

"आपल्या खोलीतला अजून एक तं लागला," तो म्हणाला, आणि वैरण गोळा करायला वळला.

संध्याकाळी मी काकूसाठी हुरडा घेऊन त्यांच्या घरी गेलो. आत ठोकाठोक चालली होती. काकू चुलीपाशी बसून भिंतीकडे पाहत होती. पुंडलिक हातात दगड घेऊन उभा होता.

"काय करून राह्यला?" मी विचारलं.

"खिळा ठोकतो," तो म्हणाला. "कोट टांगाले."

काकू इतकी वर्षं ज्याच्यासाठी मागे लागली होती ते झालं होतं. पण तिने पदर डोळ्यांना लावला.