दोघांचा रेनकोट

"त्याला म्हणावं, पाय सायलेन्सरपासून लांब ठेव," मोटारसायकलवर बसता बसता थोरला बायकोला म्हणाला.

"वहिनी, त्यांना म्हणावं, हा सायलेन्सर मीच बसवलाय," मागे बसत धाकटा म्हणाला.

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "निरोप पोचवायला मला बरोबर नेताय का? नाही ना? मग निघा आता."

वडील गेले आणि काही दिवसांतच दोघा भावांचं बोलणं बंद झालं. कारण ही मोटारसायकलच. वडील असताना तिची देखभाल धाकट्याने केली होती. ते गेल्यावर थोरल्याने "मोठा मी" म्हणून किल्ली आपल्या घरातल्या खिळ्याला अडकवली. थोरल्याचं चष्म्याचं दुकान, धाकट्याचा नळदुरुस्तीचा धंदा. धाकट्याला दुसरी गाडी घेणं जड नव्हतं, पण तो हट्टाने सायकलवरच पान्हे घेऊन हिंडू लागला, आणि तेही थोरल्याच्या दुकानावरून.

आईची पंचाईत झाली. एकाकडे जेवली की दुसऱ्याचं तोंड वाकडं. शेवटी ती डोंगरातल्या गावी बहिणीकडे जाऊन राहिली. तिचा एक डोळा कधीचाच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन तिथेच झालं, आणि तिने दोघांनाही फोन केला. "उद्या दुपारी पट्टी निघेल. डोळा उघडला की आधी तुम्हां दोघांना शेजारी शेजारी बघायचंय. नाही आलात तर पट्टी काढू द्यायची नाही मी." आई असलं काही म्हणाली की ते करायची, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

नेमकी दरड कोसळली आणि बस बंद झाल्या. कडेकडेने फक्त दुचाकी जाऊ देत होते. म्हणून ही जोडी एका गाडीवर बसली.

निघताना ऊन होतं. धाकट्याने आपला रेनकोट खुंटीवरून काढला होता, पण वडिलांचा रेनकोट थोरल्याने गाडीला बांधलेला पाहून त्याने आपला परत खुंटीला लावला. थोरला करील ते आपण करायचं नाही, असा त्याचा नेम होता.

घाट लागला आणि पावसाने गाठलं. नुसता पाऊस असता तर निभावलं असतं, पण वारा असा गार की थेंब कपाळावर खिळ्यासारखे बसत. थोरला रेनकोटात होता. मागे मात्र गळतं पाणी थांबवण्यावर पोट असलेला माणूस डोक्यापासून बुटापर्यंत गळत होता. त्याचे दात इंजिनापेक्षा जोरात वाजू लागले, तेव्हा थोरल्याने एका चहाच्या दुकानापाशी गाडी थांबवली.

"ह्यांना म्हणावं, रेनकोटात या," तो चहावाल्याला म्हणाला.

"त्यांना विचारा, कुठे?"

चहावाल्याने रेनकोट निरखला. तंबू शिवणाऱ्याकडून खास करून घेतलेला तो कोट होता. वडील घरोघर औषधं पोचवत, ती पिशवी झाकायला पाठीवर मोठं कुबड ठेवलेलं. पुढे त्या कुबडात पिशवीऐवजी दोन पोरं बसू लागली. त्यांना बाहेर बघायला आईने खांद्याजवळ एक झडप शिवली होती. त्या झडपेवरून दोघांनी लहानपणी किती मारामाऱ्या केल्या होत्या!

"जागा आहे की," चहावाला म्हणाला. त्याने धाकट्याला कुबडात कोंबलं, पुढून चेन ओढली आणि गळ्यापाशी शेवटचा हिसका दिला. चेन अडकली. ती वर जाईना की खाली येईना. पोरांसाठी केलेल्या जागेत आता एक भरदार नळदुरुस्तीवाला बसला होता. चेन उघडल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच सुटका नव्हती.

"असू द्या," चहावाला म्हणाला. "ऊब राहील."

खरी अडचण वळणावर कळली. कुबडात काळोख. गाडी डावीकडे कलली की धाकटा घाबरून उजवीकडे झुके. दोनदा गाडी दरीच्या कठड्याची विचारपूस करून आली. शेवटी थोरला ओरडला, "डावीकडे!"

आजूबाजूला निरोप्या कुणी नव्हता. धाकटा मुकाट्याने डावीकडे झुकला.

"खड्डा!"

"कळलं."

थोड्या वेळाने थोरल्याच्या चष्म्यावर पाण्याचे ओहोळ वाहू लागले. झडपेतून एक डोकं आणि एक हात बाहेर आला. हाताने चष्मा पुसला.

"दुसऱ्यांना चष्मे विकतोस," कानाशी आवाज आला, "आणि स्वतःला दिसत नाही."

"तू बोलू नकोस. उजवीकडे!"

दरडीपाशी पोलिसाने अडवलं. "कुबडात काय आहे? हलतंय."

"भाऊ आहे."

"जिवंत?"

"त्यालाच विचारा."

"गारठलोय, पण आहे," झडपेतून उत्तर आलं. पोलिसाने चेन ओढून पाहिली, हात टेकले आणि वाट मोकळी केली.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा आई खाटेवर पट्टीवर हात घट्ट दाबून बसली होती. डॉक्टरीणबाई तिची मनधरणी करून थकल्या होत्या. दारातून चार पाय आडवे आडवे आत आले.

"आई, आलो," दोघं म्हणाले. आईने हात काढला. पट्टी निघाली. तिने डोळा मिचकावला आणि घाबरून डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"अहो, बिघडलं हो! एका अंगावर दोन डोकी दिसतायत."

"दोनच आहेत, आजी. ऑपरेशन उत्तम झालंय."

आईने पुन्हा पाहिलं. नर्स कात्री घेऊन आली.

"खबरदार! ह्यांचा कोट आहे तो," आई कडाडली. मग हळू म्हणाली, "जवळ या. आणखी जवळ."

"आई," धाकटा म्हणाला, "ह्याहून जवळ आता येता येत नाही."

ती बराच वेळ बघत राहिली. दोघांच्या अंगावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं, पण कुणी घाई केली नाही. मग तिने साबणाची वडी मागितली, चेनवर घासली, आधी थोडी वर आणि मग खाली ओढली. चेन मुकाट्याने उघडली.

"दर पावसाळ्यात अडकायची," ती म्हणाली. "तुम्हांला कोण सांगणार? तुम्ही आत झोपलेले असायचात."

दुसऱ्या दिवशी निघताना पाऊस होताच. थोरल्याने खिशातून किल्ली काढली आणि सवयीने नर्सकडे वळला. "त्याला म्हणावं..." तो थांबला. मग वळून भावाकडे किल्ली धरली. "तू चालव."

दरडीपाशी तोच पोलीस होता. "आज कुबडात कोण?"

"थोरला."

"अजून अडकलीच आहे का?" म्हणत पोलिसाने चेनला हात घातला. ती सरसर खाली आली. तो चक्रावला. "अहो, ही तर उघडतेय! मग बाहेर का नाही येत?"

"बंद करा ती," दोन्ही डोकी एकदम म्हणाली. "गार वारा आत येतोय."