खाली शब्दाच्या हद्दपारीचे वर्तमान

स्वस्ति. पुणे प्रांती, शिरूर तालुकियात, मौजे सणसवाडी येथे यंत्रांचे सुटे भाग घडविणारा एक कारखाना नांदता होता, आणि त्याचे तिसरे लाईनीवर जो प्रसंग गुदरला व जे यश आले, ते पुढिलांस ठाऊक असावे म्हणोन हे वर्तमान लिहिले आहे. वाचणाराने हसू येईल तेथे खुशाल हसावे, परंतु लाईन चालविणे हा पोरखेळ न समजावा.

ते समयी लाईनीची सरदारी प्रगतीबाई कोकरे, राहणार दौंड, यांजकडे नवीच आली होती. वय लहान, जिद्द मोठी, आणि धाकधूक त्याहून मोठी. दिमतीस फौज पंचरंगी: राजमान्य राजश्री रखमाजी आबा, वस्ती वढू बुद्रुक, जुने मानकरी, ज्यांची मर्जी पाहून मशीनही सुरू होई, पॅकिंगच्या वज्रचुडेमंडित गिताबाई, आणि बिहार मुलखीचा रामप्रवेश व त्याचे भाऊबंद. रोज सकाळी मीटिंगचा दरबार भरे, आणि बाई खणखणीत मराठीत हुकूम सोडीत, आणि बिहारची मंडळी मागे उभी राहून माना डोलावीत, आणि बाई समजत की समजले. वास्तविक दौंडास रेल्वे कॉलनीच्या पोरांत वाढल्याने बाईंस हिंदी पाण्यासारखी येत होती, परंतु ती बोलल्यास आबा हलके लेखतील या भयाने म्यान करून ठेविली होती.

त्यात आबांनी अखंडितलक्ष्मीअलंकृत मॅनेजरसाहेबांचे कानी घातले होते की, या लोकांशी आमचे जमत नाही, लाईन दोन करावी, आमची निराळी, त्यांची निराळी. साहेबांनी फर्माविले की, शुक्रवारी संध्याकाळचे टेम्पोत माल बिनचूक रवाना झाला तर बरे, नपेक्षा सोमवारपासून लाईन दुभागावी आणि बाईंस पुन्हा तपासणीच्या टेबलावर नामजाद करावे. बाईंस घास गोड लागेना. टेबलाचे दुःख नव्हते. आपल्या हाताखाली माणसे दुभंगावी, हे शल्य होते.

शुक्रवार उजाडला. दुपारपर्यंत तपासलेला माल पेट्यांत भरून तयार झाला, आणि पेट्या हातगाडीवर उंच रचलेल्या पाहून आबांनी रामप्रवेशास आज्ञा केली, "ए भैया, त्या समद्या पेट्या खाली ठेव." एवढे बोलून आबा चहाच्या मोहिमेवर गेले. रामप्रवेश हुकमाचा पक्का. त्याने एकेक पेटी उचलली, आणि शेजारी न तपासलेल्या मालाचा ढीग होता त्यावर पालथी केली, आणि मग पेट्या ओळीने नीट मांडून समाधानाने घाम पुसला.

आबा परतले आणि गहजब झाला. आबा गर्जले, "मुद्दाम केलंय ह्येनं! लाईन बुडवायची हाय ह्यास्नी!" रामप्रवेशही इरेस पडला, "आप ही बोले थे, खाली रखो! तो हम खाली रख दिए!" दोन्हीकडच्या मंडळींनी बाह्या सरसाविल्या, मशीनी थांबल्या, आणि गिताबाई हात पसरून मध्ये उभ्या राहिल्या म्हणोनच रणकंदन टळले.

बाईंस पेच पडला. आबांचा पक्ष घ्यावा तर बिहारची फौज जाते, रामप्रवेशाचा घ्यावा तर आबा कायमचे रुसतात. तोच रामप्रवेशाचे शब्द कानात पुन्हा घुमले, आणि बाईंस दौंड स्टेशन आठवले, आणि गाडीत शिरताच जो तो काय विचारतो ते आठवले: सीट खाली है क्या? बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मग बाईंनी चिंध्यांनी भरलेली एक पेटी आणविली, आणि ताकीद दिली की कोणी ब्र काढू नये, नुसते करून दाखवावे. आबांस सांगितले, पेटी खाली ठेवा. आबांनी ती फरशीवर टेकविली. तीच पेटी रामप्रवेशाचे हाती देऊन तेच शब्द उच्चारिले, आणि त्याने ती बेलाशक आबांच्या पायांवर रिकामी केली.

आबा चिंध्यांत उभे. प्रथम गिताबाई फुटल्या. "अगं बया! ह्याचं खाली येगळं आन् आबांचं येगळं!" मग सारी लाईन पोट धरून हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हिंदीची तलवार म्यानातून काढिली, आणि आधी हिंदीत, मागाहून मराठीत, सर्वांसमक्ष कबूल केले, "गलती मेरी है. मी रोज बोलत राहिले, पण तुम्हाला समजलं का, हे एकदाही विचारलं नाही."

त्याउपरि हुकूम जाहला की, खाली हा शब्द आजपासून या लाईनीवरून हद्दपार. जमिनीस भुई म्हणावे, मोकळ्या पेटीस रिकामी म्हणावे. आणि ज्यास काम सांगितले त्याने ते आपल्या बोलीत परत सांगून मगच हात लावावा. रामप्रवेश उत्तरला, "रिकामा हम जानते हैं, मॅडम. रूममालिक रोज बोलता है, रिकामटेकडा!" आबांस इतके हसू आले की ठसका लागला, आणि पाण्याची बाटली रामप्रवेशानेच पुढे केली.

मग ढिगास वेढा पडला. आबा मापाचे गेज लावून भाग पाहत, आणि रामप्रवेश पेटीत भरी, आणि आबा म्हणत "भुईवर", आणि तो म्हणे "जमीन पे", आणि पेटी बिनबोभाट जमिनीवर जाई. टेम्पोवाला हॉर्नची नौबत वाजवू लागला, तेव्हा गिताबाईंनी त्यास चहा पाजून तहात गुंतविले. दिवस मावळता टेम्पो भरला, आणि बिनचूक भरला, आणि फाटकाबाहेर पडला.

माल रवाना झाला तरी दुपारचा गहजब कानी गेल्याने मॅनेजरसाहेब खासा चालून आले, आणि आबांस पुसू लागले की कोणकोण कोणत्या लाईनीस द्यावे. आबा पुढे होऊन म्हणाले, "सायेब, लाईन दोन करा म्हून मीच म्हनलो व्हतो. आता मीच न्हाई म्हंतो. रामप्रवेस माझ्याशेजारीच ऱ्हाईल. आन् प्रगती मॅडम हितंच ऱ्हातील." बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले, आणि ते सर्वांनी पाहिले.

येणेप्रमाणे तिसरी लाईन अभंग राहिली. या मोहिमेत आपल्या बाजूचा एक शब्द कामी आला. माणूस एकही गेला नाही. मुक्काम सणसवाडी येथे ही फत्ते नोंदविली असे.