मालक फुगले तेव्हा

टगवरच्या संडासात मालक अडकले, नेमका तेव्हाच बंदराचा तपासनीस धक्क्यावर गाडी लावत होता.

कंपनी घरचीच होती. मोठ्या जहाजांना दोराने ओढून धक्क्याला लावणाऱ्या दोन टग. ही मोठी टग मालकांचा थोरला मुलगा चालवायचा. इंजिन मालकांच्या धाकट्या भावाकडे. त्यांना सगळे काकाच म्हणत. आणि सुरक्षेचं काम थोरल्या सुनेकडे होतं. ते तिला कोणी दिलं नव्हतं. मध्यंतरी जहाज ओढताना दोर तुटला आणि तिच्या नवऱ्याच्या कानाजवळून जाऊन केबिनची काच घेऊन गेला. त्या दिवशी तिने जेवताना शांतपणे सांगितलं, की यापुढे एकतर टगवर नियम येतील, नाहीतर नवरा घरी बसेल. नवरा घरी बसला असता तर टग चालवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून नियम आले.

मालकांना ते पटलेलं नव्हतं. सगळा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाने बुडू नये म्हणून जॅकेट घालायचं म्हणजे बदकाने छत्री घ्यायची, असं ते येईल त्याला ऐकवायचे. पण आज परवान्याचा प्रश्न होता. तपासनीसाने नाही म्हटलं असतं तर दोन्ही टग जागच्या जागी गंजल्या असत्या. म्हणून त्यांनी सकाळीच नवं जॅकेट गळ्यात अडकवलं. दिसायला नुसता जाडसर पट्टा. पाण्यात पडलं की आपोआप फुगणारा. तो कसा वापरायचा हे सून सांगायला लागली, तर "कळतंय मला" म्हणून त्यांनी विषय संपवला.

मग ते तोंड धुवायला गेले. ती खोली जेमतेम कपाटाएवढी, आणि दार आत उघडणारं. नळाला कित्येक दिवस धड धार नव्हती, आणि काकांनी पंप त्याच सकाळी दुरुस्त केला होता. मालकांनी सवयीने नळ पूर्ण सोडला. पाण्याचा लोट बेसिनवर आपटून सरळ त्यांच्या छातीवर आला. जॅकेटची समजूत झाली की माणूस बुडाला. फाटकन आवाज झाला आणि मालक खोलीभर झाले.

मान वळेना, खाली बघता येईना, कडीपर्यंत हात पोहोचेना. पोहोचला असता तरी दार आत ओढायला जागा उरली नव्हती. मालकांनी आतून हुकूम सोडायला सुरुवात केली. दार तोडा, पोराला बोलवा, तपासनीसाला चहात गुंतवा. सून बाहेरून नळीबद्दल काहीतरी सांगत होती, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

थोरल्याने इंजिनरूमच्या तोंडाशी जाऊन काकांकडे पहार मागितली. काकांच्या कानांवर आवाज अडवणारे कप होते. इंजिनापाशी ते लावायचे, हा सुनेचा नियम. इंजिन बंद असताना ते काढले तरी चालतात, एवढं सांगायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. थोरल्याने मग पहार कशी मारतात ते हातवारे करून दाखवलं. काका समजले, निघायचंय. त्यांनी इंजिन सुरू केलं. थोरला कळवळून आणखी जोरात हात हलवायला लागला, तसा त्यांनी गिअरही टाकला.

तपासनीसाने धक्क्यावरच्या फळीवरून टगवर पाय ठेवला आणि त्याच्यामागची फळी पाण्यात गेली. धक्क्याला बांधलेले दोर करकरले. ते तुटले नाहीत, कारण झिजलेले सगळे दोर सुनेने आधीच फेकायला लावले होते. तिने धावत वर जाऊन लाल बटण दाबलं. इंजिन थांबलं. आतले हुकूमही थांबले. टग सुटली की काय, या धास्तीने मालकांची बोलती बंद झाली होती.

"सूनबाई," थोड्या वेळाने आतून बारीक आवाज आला, "मी काय करू?"

"बाबा, डाव्या खांद्यापाशी एक नळी लागेल हाताला. तिचं टोपण काढा, उलटं करा आणि नळीत दाबून धरा. घाई करू नका."

मग बराच वेळ संडासातून फक्त हवा सुटल्याचा आवाज येत राहिला. तपासनीस सभ्य माणूस होता. तो तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला.

मालक बाहेर आले ते ओलेचिंब, गळ्यात लोंबतं कापड घेऊन. तपासनीसाने टग वरपासून खालपर्यंत पाहिली, नव्या दोरांवरून हात फिरवला, काकांच्या कानांवरचे कप काढून त्यांच्या हातात दिले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो म्हणाला. तोवर टग हलवायची नाही. परवाना अजून अधांतरीच होता.

ओहोटी लागली होती. फळीशिवाय धक्क्यावर चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला छोटी होडी आणली. सुनेने जॅकेट पुढे केलं. दोन वल्ही मारली की पायऱ्या, त्यासाठी कशाला, असं म्हणून त्याने ते बाजूला सारलं. या माणसाला दुखवणं आज परवडणारं नव्हतं. थोरल्याने बायकोला डोळ्यांनीच जाऊ दे म्हणून खुणावलं.

मालक मात्र होडीच्या वाटेत जाऊन उभे राहिले.

"घाला, साहेब," ते म्हणाले. "आमच्या सूनबाई फार कडक आहेत. आणि एक सांगतो, घरी गेल्याशिवाय तोंड धुऊ नका."