खालच्या खणातली सेंबे

सेंबे, म्हणजे आमची तांदळाची कुरकुरीत बिस्किटं, लपवायला आपण दुकानातलं सर्वांत उत्तम कपाट निवडलं, यात माझं नक्की काय चुकलं हे मला अजून कळलेलं नाही. (मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. काय चुकलं हे न कळण्याची मला सवय आहे. मंदी लवकरच ओसरेल असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा आमचं मांजर पिल्लू होतं. आता त्याचे दात पडलेत.)

कामो गावात सासऱ्यांनी काढलेला आमचा किरी लाकडाच्या कपाटांचा कारखाना आणि त्याला लागून दुकान आहे. मी घरजावई, आडनावही त्यांचंच लावतो. पूर्वी मुलगी सासरी निघाली की पाठोपाठ आमचं कपाट निघे. आताच्या मुली लग्नच करत नाहीत, आणि करतात त्या इतक्या छोट्या फ्लॅटमध्ये जातात, की कपाट आत घेतलं तर नवऱ्याला बाहेर झोपावं लागेल. कारखाना चालवते माझी बायको, मित्सुए.

"ही ऑर्डर गेली," तिने जूनमध्ये सांगितलं, "तर ओबोनच्या सणाला वडिलांचा आत्मा घरी येईल तेव्हा कारखान्याला कुलूप असेल. तुम्ही सांगाल त्यांना?"

मी कुठला सांगतोय! ते जिवंत होते तेव्हाही मी त्यांना काही सांगत नसे.

ऑर्डर होती गरम झऱ्यांवरच्या एका जुन्या पाहुणघराची. खोलीखोलीत एकेक लहान कपाट हवं होतं. पण मालकीण हारुयोसान यांच्या मनात प्लायवुडची स्वस्त कपाटं भरली होती. आमचं त्या केवळ भिडेखातर बघणार होत्या.

"तुम्ही फक्त चहा ओतायचा," मित्सुए म्हणाली. "मंदीवर बोलायचं नाही."

मी चहा ओतत होतो. हारुयोसाननी दुकानातल्या त्याच उत्तम कपाटाचा वरचा खण ओढून पाहिला. "सुबक आहे," त्या म्हणाल्या, "पण प्लायवुडचाही उघडतोच की," आणि त्यांनी तो परत आत ढकलला.

आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की चांगल्या कपाटाचे खण इतके घट्ट बसतात की हवेला फट सापडत नाही. एक खण आत ढकलला की दुसरा आपोआप बाहेर येतो. गिऱ्हाइकांना आम्ही हे अभिमानाने दाखवतो. मलाही ठाऊक होतं. फक्त ते आठवलं तेव्हा किटली माझ्या हातात होती, आणि डॉक्टरांनी मिठावर बंदी घातल्यापासून मी चोरून आणलेली खारट सेंबे खालच्या खणात होती.

मी धावलो आणि खालच्या खणाला गुडघा लावला. मधला बाहेर आला. तो कोपराने दाबला, तर वरचा हारुयोसानच्या पोटावर आदळला.

"अहो, काय चाललंय?" मित्सुए ओरडली.

"दाखवतोय!" मी म्हणालो.

"काय दाखवताय?"

"घट्टपणा!"

हारुयोसाननी वरचा खण शांतपणे पुन्हा लोटला. हवेला कुठूनतरी निघायचंच होतं. माझा गुडघा सरकला, आणि खालचा खण एखाद्या दरबारी माणसासारखा सावकाश पुढे आला. आत सेंबे. एक अर्धवट खाल्लेलं.

"हे कोणाचं?" मित्सुएचा आवाज फार हळू होता.

"नमुना," मी म्हणालो.

"दातांचा?"

हारुयोसान खाली वाकल्या. "कधीपासून आहेत ही इथे?"

"पावसाची झड लागायच्या आधीपासून," मी कबूल केलं.

त्यांनी एक अख्खं सेंबे उचललं आणि चावलं. कुर्रम! मांजर दचकून जागं झालं.

"आमच्याकडे या दिवसांत सकाळची सेंबे संध्याकाळी चामडं होतात," त्या चावता चावता म्हणाल्या. "पाहुणे सभ्य असतात बिचारे, चघळत बसतात. सगळ्या खोल्यांना हीच कपाटं द्या."

त्या संध्याकाळी मित्सुएने वडिलांच्या तसबिरीपुढे एक सेंबे ठेवलं आणि हात जोडले. "बाबा, तुमच्या जावयाने कारखाना वाचवला." माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल त्यांच्या कानावर गेलेली ही पहिली चांगली बातमी.

आता त्या कपाटात गिऱ्हाइकांसाठी कायम सेंबे असतात. परवा दुपारी दुकानात कोणी नाही असं पाहून मी खालचा खण अलगद उघडला, एक उचललं, आणि आवाज न करता खण आत लोटला.

वरचा खण हळूच बाहेर आला. त्यात मित्सुएने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या होत्या.