गुलाबभाऊंची पाहुणी

गुलाबभाऊंनी आपल्या दुखऱ्या दाढेचं नाव 'पाहुणी' ठेवलं होतं. सकाळी कुंपणापलीकडून मी तब्येत विचारली की गालावर हात ठेवून ते सांगत, "पाहुणी निजून राहिली, वहिनी. हळू बोला." दुपारी तिला जाग येई. मग "पाहुणीले चहा नाई चालला", "पाहुणी रुसून बसली", आणि फारच वाईट दिवस असला तर नुसतं, "आज घरात तिचंच राज्य हाय." खिशात कायम लवंगांची पुडी. फाटकाशी आधी लवंगेचा वास येई, मागून भाऊ.

मुलांनो, मागच्या खेपेला तुम्ही ज्या बगीच्यात झाडाखाली बसून संत्री खाल्लीत, तो तिगावकडचा बगीचा यांचाच. पांढुर्ण्यात ते आपल्या शेजारी राहतात. साप निघाला की लोक त्यांना बोलावतात. विहिरीत उतरायचं असलं की तेच. असा माणूस दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की एकदम गाईला पाणी पाजायला निघून जायचा. त्यांच्याकडे गाय नाही.

गेल्या महिन्यात गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. भाकर सुटली, भात सुटला, माणूस ताकावर आला. इथल्या डॉक्टरांनी बजावलं, दाढ ताबडतोब काढा, नाहीतर पू जबड्यात उतरेल आणि मग नागपूरला न्यावं लागेल. सौसरला दातांची एक चांगली डॉक्टर आली आहे, लग्न होऊन पुण्याहून आलेली तरुण मुलगी. तिच्याकडे जायचं ठरलं.

पहिल्यांदा भाऊ एकटे गेले आणि तिच्या दारावरची पाटी वाचूनच परत आले. दुसऱ्यांदा बसमध्ये 'डोळा लागला', तो थेट सौसरच्या पुढे रामाकोन्याला उघडला. संध्याकाळी ते वांगी घेऊन घरी हजर.

"भाऊ, दवाखाना?"

"आता बंद झाला असन ना जी. वांगे पाहा कशे कवळे हायत."

मग मी विषय हाती घेतला. कॅलेंडरवर मंगळवार, दहा वाजता, अशी खूण केली आणि रोज संध्याकाळी त्यांना धीर द्यायला लागले.

"संत्र्याच्या वाळक्या फांद्यांची सल तुम्ही कशी बेधडक छाटता? झाड तक्रार करतं का?"

"झाडाले कान असतेत का वहिनी?"

हे मला त्यांचं नेहमीचं पळवाटेचं बोलणं वाटलं. मी पुढे समजावलं, "अहो, आता पूर्वीसारखं नाही. पूर्ण बधिर करतात. काही म्हणजे काही कळत नाही."

भाऊंचा सुजलेला चेहराही उतरला. दुसऱ्या दिवशी लवंगांचा वास दुप्पट झाला. मी आणखी जोरात समजावलं, "दोन तास तरी बधिर राहतं. काळजी कशाची?" तीस वर्षं शाळेत शिकवलं. एकच गोष्ट मोठ्याने पुन्हा सांगितली की समजते, असा माझा समज आहे.

मंगळवारी मीच सोबत गेले. बसमध्ये त्यांना खिडकीकडे बसवलं, म्हणजे रामाकोन्याला जायचं तर मला ओलांडून जावं लागेल. सौसरात बहुतेक पाट्या हिंदी, या डॉक्टरची मात्र मराठी, आणि शुद्धलेखनही चोख: 'बधिर करून दात काढले जातील.' भाऊ पाटीकडे न बघता आत शिरले, फाशीला निघाल्यासारखे.

खुर्चीत बसले, गळ्यात कागदी फडकं बांधलं गेलं. डॉक्टर गोड आवाजात म्हणाली, "काका, आधी बधिर करू, मग दाढ काढू. चालेल ना?"

भाऊ फडक्यासकट उभे राहिले.

"नाई जी! तशीच काढा!"

"तशीच? अहो काका, खूप दुखेल."

"दुखू द्या. मी हूं का चूं नाई करत. दोघाजणांनी हात धरा वाटल्यास. पण बधिर नका करू माय!"

मी चाटच पडले. आजवर ज्याला मी भित्रा समजत होते, तो माणूस इंजेक्शनाशिवाय दाढ उपटून घ्यायला तयार होता.

"थोडाच वेळ असतं काका, मग परत पूर्ववत होतं."

"आन नाई झालं तं? सिंधूचं कोण ऐकन?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे मध्य प्रदेशात घर मराठी आणि शाळा हिंदी. हिंदीत बधिर म्हणजे बहिरा. भाऊंनी हा शब्द वाचलेला मूक-बधिर शाळेच्या पाटीवर. दाढ काढण्याआधी माणसाला बहिरा करतात, म्हणजे ओरडणं त्याचं त्यालाच ऐकू येऊ नये, असं ते इतके दिवस धरून चालले होते. आणि मी रोज संध्याकाळी त्यांना तेच पटवून देत होते.

सिंधूबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांचा आवाज नुसत्या श्वासाएवढा उरला आहे. आम्ही सगळे मान डोलावून वेळ मारून नेतो. त्या बोलतात, आणि काय बोलल्या ते भाऊ आम्हाला सांगतात.

"कान नाही हो भाऊ, हिरडी!" मी म्हणाले. "हिरडीला मुंग्या येतात, बस."

"फक्त हिरडी?" त्यांनी डॉक्टरकडून दोनदा वदवून घेतलं आणि खुर्चीत असे निवांत रेलले, जणू दाढी करून घ्यायला आले आहेत. इंजेक्शननंतर तिने विचारलं, "झालं का बधिर?" तर दोन्ही कान चाचपून म्हणाले, "नाई जी, घड्याळीची टिकटिक आयकू येऊन राहिली." बिचारी हसू आवरेना म्हणून पाठ फिरवून उभी राहिली.

दाढ पाच मिनिटांत निघाली. कापसाचा बोळा चावून धरा, तासभर बोलू नका, असं तिने सांगितलं. पण बसच्या गर्दीत दोन तास गेले तरी भाऊंनी बोळा सोडला नाही.

घरी सिंधूबाई दारातच उभ्या होत्या. काहीतरी बोलल्या. सवयीने मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी तोंडातल्या बोळ्याकडे बोट दाखवलं, मला हातानेच सिंधूबाईंकडे ढकललं आणि पाय धुवायला आत गेले.

मी वाकले. कान त्यांच्या तोंडाशी नेला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"पेज थंड करून ठेवली," त्या म्हणाल्या. स्वच्छ ऐकू आलं. मग माझं मनगट धरून, "सांगू का वहिनी? यायले माहं सारं एका खेपेत समजते. तरी दहादा 'काय? काय?' करतेत. म्या बोलत राहावं म्हणून."

तेवढ्यात आतून, कापसाच्या बोळ्यामधून, आवाज आला, "आय?"

"पेज थंड केली म्हनलं!" सिंधूबाई म्हणाल्या. या वेळी मला वाकावं लागलं नाही.