दोन बदाम

सुकेगावात संध्याकाळचा वारा बोली जिंकून ती पुरी करणाऱ्या बिऱ्हाडालाच मिळतो. लग्नात अक्षता पडल्या की नगरपालिका नवऱ्याला तेरा पानं वाटते, नवरीला तेरा. एका भिंतीच्या दोन बिऱ्हाडांत मिळून पत्त्यांचा एक जोड. आपली पानं जन्मभर जपायची, जोडीदाराला दाखवायची नाहीत. रोज उन्हं कलली की दोन्ही जोडपी ओट्यावर बसतात, वारा खात्याचा कारकून येतो आणि ब्रिजच्या रीतीने बोली होते.

त्र्यंबकराव लग्न झाल्यापासून रोज 'पास' म्हणत आले होते. हातात पानं नव्हती असं नाही. राजासकट चांगले पाच बदाम होते. पण बदाम बोलावा आणि शालूबाईंकडे एकही नसावा, तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. त्यामुळे डाव न खेळताच वारा कायम शेजारच्या लोटलीकरांकडे. तो खाऊन खाऊन भाऊराव लोटलीकर असे फुगले, की ओट्यावर त्यांना दोन पाट लागत.

त्या वैशाखात शालूबाई डोळ्याचं ऑपरेशन करून घरी आल्या. काळा चष्मा लावून पदराने वारा घेत बसल्या. त्र्यंबकरावांना ते बघवेना. तोंडातून निघून गेलं, "एक बदाम."

कारकुनाच्या हातातली पेन्सिल पडली.

"अरेच्चा!" भाऊराव म्हणाले. "त्र्यंबकराव, तुम्हाला वाचा आहे होय? एक इस्पिक!"

आता झाली पंचाईत. नवऱ्याने बोली उघडली, की हातात बरी पानं असलेल्या बायकोने उत्तर द्यायचंच, असा दंडक. पण मध्ये शेजारी बोलला की ती मोकळी.

"वहिनी," कारकून अदबीने म्हणाला, "आता सक्ती उठली. पास म्हणालात तरी खातं बोट ठेवणार नाही."

"म्हणा पास," भाऊराव म्हणाले. "डोळ्यांना ताण नको."

त्र्यंबकराव ओट्याची फरशी निरखू लागले. फरशीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"ताण डोळ्यांना आहे भावजी, तोंडाला नाही," शालूबाई म्हणाल्या. "दोन बदाम."

पुढे तिघेही पास. भाऊरावांनी पहिलं पान टाकलं आणि रीतीप्रमाणे शालूबाईंनी आपली तेराही पानं उघडी मांडली. मिसळणाच्या डब्यामागे ठेवलेली, त्यामुळे हळदीने पिवळी पडलेली. बदाम तीनच. छक्की, चव्वी आणि दुर्री.

"एवढ्यावर बोललीस?" त्र्यंबकराव पुटपुटले.

"आहेत तेवढे तुमचेच. पाच असल्याशिवाय तुम्ही कसले तोंड उघडताय!"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? मला वाटलं, तुम्हाला वारा सोसत नाही."

दोन बदाम म्हणजे सहा आणि वर दोन, असे आठ हात करायचे होते, सात झाले. कारकुनाने शिक्का मारून वारा लोटलीकरांच्या नावे केला. पलीकडचा पडदा फुगला. अलीकडे पान हलेना. दोघं घामाने निथळत तिथेच बसून राहिली, एकमेकांना टेकून. तेवढ्याने उकाडा आणखी वाढला.

"उद्या मी तीन बदाम म्हणणार," शालूबाई म्हणाल्या.

"अगं, दोन जमले नाहीत!"

"भावजी मध्ये बोलले, तर चार."